वाचकांचे प्रश्न: दुष्काळात जोतीराव फुल्यांनी सरकारला नेमकं काय सुचवलं होतं?

मागच्या अंकातल्या दुष्काळाच्या लेखात आम्ही ओझरतं एक वाक्य लिहिलं होतं, की पाणी अडवा हे फुल्यांनी १८८३ सालीच लिहून ठेवलंय. त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच देतोय. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं न देता फक्त ठिकाण दिलंय.

प्रश्न (माण, जि. सातारा): मी शिक्षक आहे. फुले म्हणजे मुलींची शाळा आणि सत्यशोधक समाज एवढंच आम्ही शिकलो आणि तेवढंच शिकवतो. दुष्काळाशी त्यांचा काय संबंध? तेव्हाची परिस्थिती पण सांगा.

उत्तर: सर, संबंध फार जवळचा आहे. १८७६ ते ७८ या दुष्काळात सोलापूर, सातारा, नगर, पुणे, विजापूरकडचा भाग हे सगळं होरपळून निघालं. पण शेतकरी त्याच्या आधीच मोडलेला होता हे लक्षात घ्या. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरातली कर्जखतं काढून जाळली आणि ते लोण पुणे नगर जिल्ह्यांत पसरलं, म्हणजे कणगीतलं धान्य संपायच्या आधीच पत संपलेली होती आणि वरून पाऊस गेला. सरकारनं दुष्काळी कामं काढली, पण मजुरी ठरवताना दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे अर्ध्या किलोपेक्षाही कमी, एवढ्यात माणूस जगतो असा हिशोब धरला. हा हिशोब सर रिचर्ड टेंपल यांचा, आणि पुढे तेच मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झाले. याच सुमारास १ जानेवारी १८७७ ला दिल्लीत मोठा दरबार भरवून व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं गेलं. एकीकडे हे आणि दुसरीकडे गावंच्या गावं उठून चाललेली.

सत्यशोधक समाजाच्या मंडळींनी पुण्याजवळ धनकवडीला दुष्काळातल्या मुलांसाठी बालाश्रम काढला, तिथं हजारभर मुलं जेवत होती. सावित्रीबाई जुन्नर भागात होत्या, ओतूरहून एप्रिल १८७७ मध्ये त्यांनी जोतीरावांना लिहिलेलं पत्र आहे, ते वर्गात जरूर वाचून दाखवा. आणि एक गोष्ट पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही, फुले कंत्राटदार होते. खडकवासला धरणाच्या कामाला त्यांनी माल पुरवलाय, आणि मांजरीला कालव्याजवळ जमीन घेऊन स्वतः बागायत करून पाहिलीय. दगड, चुना, मजुराचा रोज, पाटाचं पाणी, यातलं काहीच त्यांना ऐकीव नव्हतं, आणि त्यांच्या सूचना वाचताना हे ओळीओळीला जाणवतं.

प्रश्न (अंबड, जि. जालना): मग सूचना काय काय होत्या, यादीच द्या ना सरळ.

उत्तर: यादी दिली तर खरी गोष्ट हातातून निसटेल दादा, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. ‘शेतकऱ्याचा असूड’ त्यांनी १८८३ मध्ये लिहून पुरा केला. पाच प्रकरणं आहेत. पहिल्या चारांत शेतकरी कसा नागवला जातो ते जन्मापासून मरणापर्यंत दाखवलंय आणि शेवटच्या पाचव्यात उपाय सांगितलेत.

पाण्याचा उपाय असा, की लष्करातल्या आणि पोलीस खात्यातल्या जास्तीच्या शिपायांकडून डोंगरउतारावर जागोजाग ताली, बंधारे घालून घ्यावेत. आणि ते कसे घालावेत तेही सांगितलंय, म्हणजे पावसाचं पाणी आधी शेतांतून मुरलं पाहिजे आणि मग ओढ्यानाल्याला मिळालं पाहिजे. माथ्यापासून पायथ्याकडे यायचं, पाण्याला धावू द्यायचं नाही, हे आज आपण पाणलोट म्हणून जे शिकवतो तेच. त्याच्या जोडीला तलाव, तळी, धरणं बांधावीत म्हटलंय. पाणाड्यांकडून जमिनीतल्या झऱ्यांचा शोध घेऊन त्यांच्या जागा नकाशात दाखवाव्यात, आणि सरकारी मदतीशिवाय जो शेतकरी विहीर खोदेल त्याला बक्षीस द्यावं. कालव्याच्या पाण्याबद्दल तर ते चिडूनच लिहितात, कारण पाणीपट्टी पुरी घेतात आणि पाळी वेळेवर येत नाही हे त्यांनी जवळून बघितलेलं होतं. म्हणून जमिनीच्या मानानं प्रत्येकाला एकेक तोटी बसवून द्या, म्हणजे कुणाला जास्त जाणार नाही आणि कुणाचं मरणार नाही. पाणी मोजून द्या ही मागणी १८८३ ची आहे आणि आपल्याकडे कालव्याच्या कितीतरी चाऱ्यांवर टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याची आजची मागणी पण हीच आहे.

मग गाळ. नद्या आणि तलावांत साचलेला गाळ पूर्वीसारखा शेतकऱ्यांना नेऊ द्या म्हणतात. यामागचा विचार एकदा मे महिन्यात कुठल्याही पाझर तलावावर उभं राहिलं की कळतो. पाणी आटलेलं असतं, तळाला काळी, भेगाळलेली, लोण्यासारखी मऊ माती असते, ती आपल्याच शिवारातून वाहून गेलेली असते. ती माती परत उचलून मुरमाड रानावर पसरली की एकाच कामात दोन गोष्टी होतात, तलाव खोल होतो आणि रान सुधारतं. त्याच ओघात गायरानं गावांना परत करा म्हणतात, कारण जंगल खात्यानं चराई बंद केल्यावर गुरं-शेरडं गेली, गुरं गेली तसं खत गेलं आणि खत गेलं तशी जमीन नापीक झाली. जनावरांच्या चांगल्या जाती तयार करा, दरवर्षी शेतीची प्रदर्शनं भरवा, नांगर चांगला हाकणाऱ्याला बक्षीस द्या, हेही आहे.

आणि रानडुकरं! हे वाचलं की आमच्या कोकणातल्या आणि विदर्भातल्या वाचकांना तर आजच लिहिलंय असं वाटेल. सरकारनं शेतकऱ्याकडची हत्यारं काढून घेतली, आता डुकरांनी पीक खाल्लं तर नुकसान पोलीस खात्यातल्या लोकांच्या पगारातून किंवा सरकारी खजिन्यातून भरून द्या, तसा कायदा करा.

माझ्या मते फुल्यांचं मोठेपण नेमकं इथं आहे. दुष्काळ आला की सरकारनं हे करावं ते करावं म्हणणारे तेव्हाही पुष्कळ होते. फुले दर वेळी पुढची दोन वाक्यं लिहितात, हे काम कोण करणार आणि पैसा कुणाच्या खिशातून येणार. बांध घालायला माणसं पाहिजेत तर शिपाई बसून आहेत ते घ्या. शेतसारा कमी करायचा तर मोठ्या अधिकाऱ्यांचे भरमसाट पगार आणि पेन्शनी कमी करा. पिकाचं नुकसान झालं तर ज्याचं राखायचं काम होतं त्याच्या पगारातून भरा. सूचनेसोबत हिशोब जोडलेला असला की राज्य करणाऱ्याला पैसा नाही म्हणून हात वर करता येत नाहीत. आज आपल्याकडे निवडणुकीच्या तोंडावर आश्वासनं येतात त्यात हा दुसरा भाग कुठंच नसतो आणि आपण विचारत पण नाही.

प्रश्न (बार्शी): पोलिसांकडून बांध घालून घेणं जरा भाबडं नाही वाटत?

उत्तर: नाही वाटत. सैन्यावरचा खर्च हा तेव्हाच्या सरकारी खर्चातला फार मोठा वाटा होता आणि तो शेतसाऱ्यातून भागत होता. ज्याच्या पैशानं शिपाई पोसला जातो त्याच्या रानात शिपायानं दोन दिवस फावडं मारावं, एवढंच त्यांचं म्हणणं.

प्रश्न (दौंड): शिक्षणाची सक्ती, साराकपात, बंधारे हे सगळं एकत्र का घातलंय? दुष्काळावर शाळा हा उपाय कसा?

उत्तर: कारण सुप्याला जी कर्जखतं जाळली ती ज्यांच्या नावावर होती त्यांतल्या बहुतेकांना ती वाचता येत नव्हती. दहा घेतले आणि शंभरावर अंगठा उठवला तर कळणार कसं? कोर्टात गेलं तरी कागद सावकाराचा, वकील त्याचा, कारकून ओळखीचा. सरकारनं १८७९ मध्ये पुणे, सातारा, नगर, सोलापूर या जिल्ह्यांसाठी दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा केला, कर्जाच्या मुळाशी जाऊन हिशोब तपासायची मुभा कोर्टाला दिली, चांगलंच झालं. पण कायदा वापरायला पण वाचता यावं लागतं.

म्हणून ऑक्टोबर १८८२ मध्ये शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे निवेदन दिलं त्यात फुल्यांनी प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षं वयापर्यंत सक्तीचं करा म्हटलं. तिथंही तोच हिशोब, की सरकारचं उत्पन्न मुख्यतः रयतेच्या कष्टातून येतं आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणाकडे जातो, तर लोकल फंडातला, म्हणजे शेतसाऱ्यासोबत वसूल होणाऱ्या स्थानिक करातला निदान अर्धा पैसा प्राथमिक शाळांना द्या. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातले असावेत, गरज पडली तर नांगराची मूठ धरायला ज्यांना लाज वाटणार नाही असे, आणि त्यांना पगार चांगला द्या. काय शिकवायचं तेही लिहिलंय, मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशोब, थोडा इतिहास-भूगोल, व्याकरण, शेतीची प्राथमिक माहिती, नीती आणि आरोग्य. मोडी का, तर सावकाराचे कागद मोडीत असायचे. आता आपल्या मुलांना दहावीपर्यंत सातबारा कसा वाचायचा, बँकेचा व्याजदर वर्षाचा की महिन्याचा, पीकविम्याच्या फॉर्मवर काय छापलंय हे कुणी शिकवतं का, माण तालुक्यातल्या सरांनीच सांगावं.

प्रश्न (नागपूर): फुल्यांनी सगळं इंग्रज सरकारकडेच मागितलं, म्हणजे ते इंग्रजधार्जिणे होते असं आमच्या ग्रुपवर एक जण सारखं लिहितो. काय उत्तर द्यायचं?

उत्तर: त्यांना दुसरं प्रकरण वाचायला सांगा. त्यात गोरे अधिकारी ऐषआरामात कसे गुंग आहेत, सगळा कारभार हाताखालच्या ब्राह्मण कर्मचाऱ्यांवर सोडून कसे मोकळे होतात, दर तीस वर्षांनी पहाणी करून सारा कसा वाढवतात, हे इतक्या कडक भाषेत आहे की ‘दीनबंधु’ पत्रात पहिली दोन प्रकरणं छापल्यावर नारायण मेघाजी लोखंड्यांनी पुढची छापायला नकार दिला. लोखंडे म्हणजे कुणी परके नव्हेत, सत्यशोधक समाजातले बिनीचे कार्यकर्ते. सरकारचा रोष ओढवेल ही भीती त्यांना वाटली आणि ती काही खोटी म्हणता येणार नाही, पेपर चालवणाऱ्याला हा विचार करावाच लागतो. फुल्यांना मात्र ते फार लागलं. त्यांच्या हयातीत हे पुस्तक पूर्ण छापलं गेलंच नाही. मग त्यांनी काय केलं तर हस्तलिखित घेऊन गावोगाव वाचून दाखवलं, पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर, आणि बडोद्याला सयाजीराव महाराजांनी ऐकलं. एक प्रत व्हाइसरॉयकडेही पाठवली.

सरकारकडे मागितलं कारण खजिना सरकारकडे होता, आणि खजिना कुणी भरला हेही त्यांनी त्याच वेळी सांगितलं. शिवाय स्वतः सत्तेच्या खुर्चीजवळ बसून काय केलं तेही बघा. १८७६ पासून ते पुणे नगरपालिकेत सरकारनं नेमलेले सदस्य होते, नेमलेला माणूस म्हणजे मान हलवणारा अशीच अपेक्षा असते. व्हाइसरॉयच्या पुणे भेटीच्या वेळी शोभेसाठी हजार रुपये खर्चायचा ठराव आला तेव्हा हा पैसा शिक्षणाला द्या म्हणून विरोधात एकट्या फुल्यांचं मत पडलं असं त्यांच्या चरित्रात येतं. पुढे मोठी मंडई बांधायचं निघालं तेव्हाही त्यांचा विरोध होता, कारण तेच, तो पैसा शाळांना जाऊ दे. आज त्याच मंडईला त्यांचं नाव आहे. सभागृहात एकट्यानं हात वर करणं काय असतं हे ज्यांनी साध्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये करून बघितलंय त्यांना कळेल.

प्रश्न (गेवराई, जि. बीड): दारूबद्दल ते काही बोलले का? आमच्याकडे दुष्काळ पडला, टँकर बंद पडला तरी दुकान बंद पडत नाही. गावातल्या आम्ही काही जणी मागे लागलोय.

उत्तर: हो ताई, १८८० मध्ये पुण्यात दारूची दुकानं वाढायला लागली तेव्हा त्यांनी नगरपालिकेच्या अध्यक्षांना पत्र लिहिलं होतं, की लोकांच्या आरोग्यासाठी नगरपालिका एवढा खर्च करते आणि आरोग्याला आणि घरादाराला बुडवणारी ही दुकानं मात्र वाढतायत.

तुमच्या हातात आज एक साधन आहे ते नीट समजून घ्या. २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी सहीनिशी मागणी केली की सह्यांची पडताळणी होते आणि मग गुप्त मतदान होतं, उभी बाटली की आडवी बाटली. अडचण कुठं येते तर दुकान बंद व्हायला एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात, झालेल्या मतदानाच्या नव्हे, एकूण यादीच्या. म्हणजे जी बाई त्या दिवशी ऊसतोडीला कर्नाटकात आहे, जी लग्न होऊन सासरी गेली पण नाव इथंच आहे, जी वारलीय पण यादीतून निघाली नाही, ती सगळी मतं न पडताही दुकानाच्या बाजूची धरल्यासारखी होतात. बीडकडे तर हे फारच महत्त्वाचं, कारण दिवाळीनंतर निम्मं गाव कोयता घेऊन बाहेर असतं. तर आधी मतदार यादी साफ करून घ्या, आणि मतदानाची तारीख टोळ्या परत आल्यानंतरची मागा. सह्या गोळा करायचं काम त्याच्या नंतर.

प्रश्न (औसा, जि. लातूर): एवढं सगळं सुचवलं, सरकारनं त्यातलं काही ऐकलं का?

उत्तर: त्या सरकारनं सरळ असं ऐकलं नाही. दुष्काळ आयोग बसला, दुष्काळ संहिता तयार झाली, पण त्या सगळ्याचा रोख दुष्काळ पडल्यावर काय करायचं यावर होता, आणि फुल्यांचा रोख तो पडू नये यावर. बाकी गोष्टी फार उशिरा, तुकड्यातुकड्यानं आल्या. सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये आणलं, देशभर हक्क म्हणून यायला २००९ चा कायदा उजाडला. बांधबंदिस्तीसाठी मुंबई प्रांतात १९४२ मध्ये कायदा झाला. १९७२ च्या दुष्काळात लोक पुन्हा खडी फोडत बसले, त्यातून रोजगार हमी उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. त्यासाठी पैसा कुठून आणला तर शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसवून. काम आणि काम करायचा पैसा दोन्ही एकत्र ठरवलं म्हणून ती योजना टिकली असं मला वाटतं, आणि फुल्यांची पद्धत ती हीच. तुमच्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तेव्हा मात्र पुन्हा १८७६ सारखंच सगळं, पडल्यावर धावाधाव.

गाळाचं २०१७ ला आलं, गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार. सुरवातीला गाळ फुकट पण वाहतूक शेतकऱ्याची असं होतं, त्यामुळे ज्याच्याकडे ट्रॅक्टर-ट्रॉली त्याच्याच रानात गाळ गेला, दोन एकरवाला बघत राहिला. २०२३ मध्ये अल्पभूधारकांना वाहतुकीसाठी अनुदान जोडलं तेव्हा कुठं जरा बरं झालं.

प्रश्न (ठाणे): मूळ कुठं वाचायला मिळेल?

उत्तर: महात्मा फुले समग्र वाङ्मय, राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं काढलंय, सरकारी ग्रंथागारात मिळतं आणि किंमत कमी असते. जुनी मराठी जड वाटेल, वाक्यं पान पान चालतात, म्हणून पाचव्या प्रकरणापासून सुरू करा आणि मग मागं या.

प्रश्न (पुरंदर, जि. पुणे): आम्ही चार-पाच पोरं गावात काहीतरी करायचं म्हणतोय. यातलं ग्रामसभेत काय मांडता येईल?

उत्तर: गाळापासून सुरू करा, कारण त्यात भांडण कमी आणि फायदा लगेच दिसतो. तुमच्या तालुक्यातच नायगावला विलासराव साळुंख्यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली होती, जमिनीवर नाही तर घरातल्या माणसांवर पाण्याचा हक्क, भूमिहीनाला पण वाटा, आणि ऊस नाही. त्या वेळची जुनी माणसं आसपास असतील तर आधी त्यांच्याकडे जाऊन बसा.

ठराव मांडताना नुसतं ‘तलावातला गाळ काढावा’ एवढं लिहू नका. कुठला तलाव, किती ट्रॉल्या, जेसीबीचं डिझेल कशातून, आणि पहिला नंबर कुणाचा, तर अडीच एकराच्या आतल्यांचा आणि एकट्या बाईच्या नावावर जमीन आहे त्यांचा, हे ठरावातच घाला. ग्रामसभा वर्षातून निदान चार व्हायला पाहिजेत, आणि गणपूर्ती म्हणजे मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर जण, यातलं जे कमी असेल ते. पुष्कळ गावांत काय होतं की पहिल्या दिवशी माणसं जमत नाहीत, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, मग दहा-बारा जण बसून सगळे ठराव करून मोकळे होतात. तर तुम्ही त्या तहकूब सभेलाच पूर्ण तयारीनं जा. ठराव तिथंच प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्या, लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा, खाली सह्या होईपर्यंत उठू नका, आणि दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा ग्रामसेवक) लेखी अर्ज करून त्याची नक्कल मागा.